बागेचं माप मोरीवरून

बाग केवढी असावी, हे प्लॉटवरून ठरत नाही. मोरीवरून ठरतं. घरातल्या माणसांनी एकदा वापरलेलं जेवढं पाणी दिवसाकाठी पुन्हा हाती लागतं, तेवढीच आपली बाग. हे माझं मत आहे, आणि आमच्या घरातही ते सगळ्यांना पटलेलं नाही. आमच्या ह्यांना वाटतं, बोअर आपली, वीजबिल आपण भरतो, मग झाडाला कुठलं पाणी द्यायचं ते आपण ठरवावं. पण बोअर आपली असली तरी तिच्या तळाचं पाणी आपलं कसं? आम्ही लातुरात राहतो. इथं खाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत जे काही साठतं ते गल्लीतल्या सगळ्या बोअरना मिळून एकच. माझी मोटर तासभर जास्त चालली की कुणाची तरी तासभर कमी चालते. कुणाची, ते दिसत नाही एवढंच.

लातूरकरांना २०१६ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. बाहेरच्यांना पाण्याची आगगाडी तेवढी आठवते. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात १४४ कलम लागलं होतं. मग १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली. स्टेशनात उतरलेलं ते पाणी टँकरनं आमच्यापर्यंत यायचं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ओल्या मातीकडं माणसं वेगळ्या नजरेनं बघतात. त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकू फाटकाशी थांबून म्हणाल्या होत्या, ‘वहिनी, जास्वंद लई टवटवीत दिसायलीय. पाणी मायंदाळ हाय वाटतं तुमच्याकडं.’

आवाज गोडच होता. पण टंचाईत हिरवं झाड हा पुरावा असतो आणि त्यांनी तो बरोबर हेरला होता. मी त्यांना मागच्या दाराला नेलं, भांडी विसळायच्या घंगाळाखालची बादली दाखवली, तांदळाच्या धुवणाचं पातेलं दाखवलं. काकूंनी बादलीत वाकून बघितलं, वास घेऊन बघितला आणि मगच चहा घेतला. त्यांनी विचारलं याचा मला तेव्हाही राग आला नव्हता. विचारायलाच पाहिजे. ज्या गल्लीत बायका रात्री दोनला टँकरसाठी उठतात, तिथं कुणाच्या तरी कुंडीतून पाणी रस्त्यावर वाहत असेल तर तो त्या घराचा खासगी मामला राहत नाही.

गावाला टंचाईत टँकर लावताना सरकारी हिशेब असतो माणशी दिवसाला २० लिटर. मोठ्या जनावराला ३५. हे दोन आकडे मी डोक्यात धरून ठेवलेत आणि बागेतल्या प्रत्येक हौसेला ते लावून बघते. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या वर उडून जातं. लॉनचं गवत त्याहून जरा कमी पितं, ७ धरू. दहा फूट बाय दहा फुटांचा तुकडा सव्वानऊ चौरस मीटर भरतो. म्हणजे रोज ६५ लिटर. तीन माणसांचं टँकरचं पाणी, आणि बदल्यात काय, तर संध्याकाळी खुर्ची टाकून चहा प्यायची सोय. खुर्ची फरशीवरही टाकता येते. मराठवाड्यात लॉन लावणं ही हौस आहे असं मला वाटत नाही, बेफिकिरी वाटते, आणि हे मी लॉनवाल्या नातेवाइकांच्या तोंडावर म्हणून झालंय. त्यांच्याकडं आता जेवायला कमी बोलावतात.

तर मोरी. आमच्या पाच माणसांच्या घरात टंचाईच्या दिवसांतही भाजी, तांदूळ, भांडी, कपडे, आंघोळ यांतून झाडांच्या कामाचं साठ-सत्तर लिटर पाणी निघतं. सगळं एका बादलीत मात्र घालायचं नाही. पाण्यापाण्यात फरक आहे आणि तो बाईमाणसाला आधी कळतो, कारण बादली तिच्या हातात असते.

तुळशीसाठी पाणी कधी वेगळं काढावंच लागलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी देव धुतात, ताम्हणातलं पाणी तुळशीत जातं. आधी देव, मग तुळस. म्हणजे घरात सगळ्यांत मान असलेलं झाडसुद्धा वापरलेलंच पाणी पितं. खरकटं मात्र तिला चालत नाही, हा आत्याबाईंचा दंडक. ‘काऊन?’ म्हणून नातवंडांनी विचारलं तर त्या धर्माचं कारण सांगतात. मी मुंग्यांचं सांगते. तेलकट, अन्नाचे कण असलेलं पाणी कुंडीत गेलं की मुंग्या, बुरशी आणि वास, तिन्ही येतात. तांदूळ-डाळीचं धुवण, भाज्या धुतलेलं पाणी हे कुंड्यांचं पाणी. त्यात सोडा नाही, साबण नाही, मीठ नाही.

साबणाचं प्रकरण जरा चिकट आहे. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. आपली काळी माती मुळात चिकण. तिच्यात सोडियम साठत गेलं की मातीचे कण फुटून भोकं बुजतात, वरचा थर टणक होतो आणि पाणी आत शिरायलाच तयार होत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं. म्हणून फेसाचं पहिलं पाणी फरशीला, संडासला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खळबळीचं पाणी झाडांना, तेही मोठ्या झाडांना, जमिनीतल्या. कुंडीला नाही, कारण कुंडीतला क्षार कुठं जाणार? पावसाळ्यात एखादी मोठी सर येऊन जमीन धुऊन काढते, कुंडीला तेवढं भाग्य नसतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी बाहेर पडतं, त्याचंही तेच. बोअरचं पाणी आधीच जड, मशीन त्यातलं गोड पाणी आपल्याला देतं आणि सगळा क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. लोक ते मोठ्या समाधानानं मोगऱ्याला घालतात आणि मग कुंडीच्या काठावर पांढरा थर का धरला म्हणून नर्सरीवाल्याला विचारतात. त्या पाण्यानं फरशी पुसावी, गाडी पुसावी. कूलरच्या टाकीतल्या तळाच्या पाण्याचीही हीच गत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र हवेतून आलेलं असतं, त्यात क्षार नसतात, ते खुशाल कुंड्यांना द्यावं.

आंघोळीचं पाणी कर्दळ, केळ आणि अळवाला. जुन्या वाड्यांत मोरीचं तोंड जिथं बाहेर उघडायचं तिथं ही तीन झाडं असायचीच, आणि कुणी तिथं सांडपाण्याच्या पुनर्वापराचा फलक लावलेला नसायचा. अळू शिजवून खातात म्हणून चालतं. कोथिंबीर, पालक, मुळ्याचा पाला यांना हे पाणी देऊ नये. आणि सकाळचं पाणी संध्याकाळच्या आत संपवावं, नाहीतर बादलीला असा वास सुटतो की घरातली सगळी पुरोगामी माणसं एका दिवसात जुन्या पद्धतीवर येतात. साठवणीच्या चांगल्या पाण्याचं टिपाडही फडकं बांधून झाकलेलं हवं. डेंगीचा डास घाण पाणी शोधत नाही, त्याला आपलं जपून भरून ठेवलेलंच पाणी आवडतं.

पाणी कसं घालायचं यावर मी फार बोलत नाही, कारण ते बोट मातीत घातलं की कळतं. दोन पेरं आत ओल लागली तर झाडाला आज काही नको. दुपारी दोनला माना टाकलेलं झाड बघून माणसाचा जीव कासावीस होतो आणि तो झारी घेऊन धावतो. थांबावं. दुपारच्या उन्हात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. संध्याकाळी तेच झाड सावरलेलं असतं. सकाळी उठल्यावरही मान खालीच असेल तर मग तहान खरी. रोज वरवर शिंपडणं सगळ्यांत वाईट, त्यानं वरची दोन बोटं माती भिजते, मुळं त्या ओलीच्या आशेनं वर येतात आणि एक दिवस चुकला की भाजतात. तीन-चार दिवसांनी एकदा, पण खोल द्यावं. आळं खोडाला चिकटून करू नये, फांद्यांची सावली जिथं संपते त्या कडेनं करावं, तिथं पाणी पिणारी मुळं असतात.

काळ्या रानात आणखी एक भानगड असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून ओतलेलं पाणी मुळांना न भेटता भेगेतून खाली जातं, आणि त्याच भेगेतून खालची ओल वर येऊन उडते. म्हणून आधी खुरपं, मग पाणी. शेतकरी म्हणतात, एक कोळपणी अर्धं पाणी. वरचा थर भुसभुशीत झाला, भेग बुजली की खालची ओल कोंडून राहते. त्यावर आच्छादन. लातूर सोयाबीनचं गाव, गुळीला, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाला, इथं तोटा नाही. आळ्यात चार बोटं गुळी किंवा उसाचं पाचट पसरलं की माती दुपारीही हाताला गार लागते. खोडाला मात्र ती चिकटू देऊ नये, वाळवी लागते.

मडक्याचं सांगते, कारण त्यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात. झाडाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, भिजली की ओढणं थांबतं. झाडालाच नळाची तोटी दिल्यासारखं आहे हे. पण लोक यासाठी घरातला जुना माठ काढतात, जो आता पाणी गार करत नाही म्हणून टाकायचा असतो. अहो, तो गार का करत नाही? आपल्या जड पाण्याच्या क्षारानं त्याची छिद्रं बुजली म्हणून! जो पाझरत नाही तो झाडाला काय देणार? तो माठ वाळूनं घासून बघावा, नाहीतर कुंभाराकडून साधं, बिनरंगाचं नवं मडकं आणावं. चकचकीत रंग दिलेली जी मडकी रस्त्याकडेला मिळतात ती शोभेलाच.

हे सगळं झालं तरी एक प्रश्न उरतोच, आणि मला तोच खरा वाटतो. पाणी कुणाला द्यायचं नाही?

माझे मामा अंबडकडचे. जालन्याची मोसंबी म्हणतात ती त्यांच्या पट्ट्यातली. मोसंबीवाल्यांना पाणी तोडण्याची सवय असते. बहर धरायचा तर आधी बागेला ताण द्यावा लागतो, पाणी बंद करून पानं पिवळी पडेपर्यंत वाट बघावी लागते, मग पाणी सोडलं की फूल येतं. तो ताण माणसानं मोजून दिलेला. २०१२-१३ चा दुष्काळ न मोजता आला. त्या वर्षी जालन्याकडं बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपणाला दिली. मामांच्या विहिरीत अर्ध्या बागेपुरतंही पाणी नव्हतं. त्यांनी झाडांवरची फळं लहान असतानाच तोडून टाकली, फांद्या छाटल्या, पानांवर केओलिनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची फवारणी केली म्हणजे ऊन परतावं, आणि मग ओळीओळीनं फिरून खुणा केल्या. ज्यांना खूण केली त्यांनाच पाणी. मामी दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मी विचारलं तर मामा म्हणाले, ‘सगळ्यायला घोट घोट पाजलं असतं तर सगळीच गेली असती. पाणी थोड्यांचं हाय, तर थोडीच ठेवायची.’

कुंड्यांच्या बाबतीत एवढं कठोर व्हायची गरज नाही, पण गणित तेच. मी होळीच्या आधी बागेतून एक फेरी मारते. कण्हेर, बोगनवेल, पारिजातक, शेवगा, कडीपत्ता यांना मुळं खोल गेल्यावर फारसं लागत नाही. सीताफळाला तर बीडच्या बालाघाटात डोंगरउतारावर कोण पाणी घालतं? हे सगळे राहतात. मोगरा राहतो, तो उन्हाळ्याचाच आहे, त्याच्यासाठी मी दुसरं काहीही सोडीन. फर्न, नाजूक पानांची शोभेची झाडं, नर्सरीतनं फुलांनी लगडून आलेले गुलाब, हंगामी फुलं यांना फेब्रुवारीच्या शेवटी निरोप. काही बहिणीकडं कोल्हापूरला जातात, काही कुणी मागितली तर देते, काही मरतात. उरलेल्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेला एकमेकींना खेटून ठेवायच्या, म्हणजे दुपारचं ऊन लागत नाही आणि एकीची ओल दुसरीला होते. खत उन्हाळ्यात बंद. खत घातलं की झाड कोवळी पानं काढतं, आणि कोवळं पान म्हणजे आणखी पाणी. नवं झाडही या दिवसांत लावायचं नाही. ५ जूनला, पर्यावरण दिनाला, पाऊस नसताना खड्डे खणून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला बरंच म्हणायचंय, पण ते इथं नको.

पाणी पुन्हा पुन्हा कामाला लावायची अक्कल आपल्या मुलखाला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघायला जाणारे लोक चक्कीचा फोटो काढून निघतात. मलिक अंबरानं १७ व्या शतकात त्या शहराला जमिनीखालून नहरीचं पाणी आणलं, आणि पाणचक्कीलाही असंच लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी यायचं. ते उंचावरून पडून चक्की फिरवायचं, दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांचं, यात्रेकरूंचं पीठ दळायचं. मग हौदात साठायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत, म्हणजे उन्हाळ्यात ते दालन गार. आणि उरलेलं पाणी खाम नदीत. दळण, हौद, गारवा, नदी. एका पाण्याला इतकी कामं लावणाऱ्यांपुढं आमची बादली म्हणजे काहीच नाही. आज आपल्याकडं धरणातून उचललेलं पाणी शुद्ध करून, पंपांनी चढवून, कित्येक दिवसांनी एकदा घरात येतं आणि एकाच फेरीत गटारात जातं.

पावसाचं आणखी एक सांगून थांबते, कारण उन्हाळ्यात पाणी शोधणं म्हणजे उशीर झालेला असतो. मराठवाड्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. हजार चौरस फुटांची गच्ची धरली, त्यातलं पहिल्या पावसाचं घाण पाणी आणि उडून जाणारं वजा केलं, तरी वर्षाकाठी ५० हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पाच टँकर. आमच्या गच्चीचं पाणी खड्डा, वाळू, खडी यांतून गाळून बोअरशेजारी मुरतं. ते सगळं आमच्याच बोअरला येतं असं नाही, खालचा कातळ कुणाचं नाव बघून पाणी नेत नाही. ह्यांना त्याचंच वाईट वाटतं. ‘आपण मुरवायचं आणि वरच्या गल्लीनं उपसायचं!’ म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. आपणही कुणाचं तरी मुरलेलं उपसतोच की.

यंदा लेकाला लिंबाचं झाड लावायचंय. पावसाळ्यात लावू, पण पुढच्या उन्हाळ्याचं पाणी आत्ताच दाखव, अशी माझी अट. तो म्हणाला, वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी. ते डाळिंबाला लागतं. भाजीचं? ते कुंड्यांना. आंघोळीचं केळीला. मग तो घराभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, काकूंच्या एसीची नळी आपल्याच भिंतीवर गळते, उन्हाळाभर. तसाच उठून विचारायला गेला. काकूंनी लगेच हो म्हटलं, नळीला जोडायला घरातला जुना पाइपही काढून दिला. त्यांना लिंबाची जागा दाखवली, तेव्हा त्यांनी ती दोन पावलं अलीकडं, स्वतःच्या कुंपणाच्या बाजूला सरकवायला लावली.

‘पाणी आमचं हाय,’ त्या म्हणाल्या, ‘अर्धी लिंबं आमची.’

लेक तिसऱ्या हिश्श्यावर अडून बसलाय. अजून ठरलेलं नाही.